सांगाडा उभा झाल्यानंतर: घरबांधणीतलं लीन नियोजन

[दृश्य: दहा मजली इमारतीचा सांगाडा, आत भिंती बांधून झालेल्या]

शेवटचा स्लॅब ओतून झाला की अर्धी लढाई जिंकली, असं वाटतं. खरी रखडपट्टी आतल्या कामांत होते. वाट पाहण्यात आणि फोडाफोडीत वाया जाणारा हा वेळ कमी करायचा, ते लीन नियोजन.

हिशेब मांडून पाहू. मजले १०, एकामागून एक काम करणाऱ्या कामगारांच्या टोळ्या ६, प्रत्येक टोळीला मजल्यामागे ५ दिवस. एका टोळीनं सगळी इमारत उरकल्यावरच दुसरी आली, तर ३०० दिवस. मजला मोकळा होताच पुढची टोळी शिरली, तर ७५. गिलाव्याला ७ दिवस पाणी मारायचं, म्हणून पाच-पाच दिवसांचे दोन टप्पे रिकामे सोडा: ८५.

आता टाईल्सवाल्यांना पाचऐवजी आठ दिवस लागले तर? मजल्यामागे तीनच दिवस, पण शेवटी अख्खा महिना जातो. बाकीच्यांना कितीही पळवलं तरी त्यातले थोडेच दिवस वाचतात. माणसं वाढवायची ती टाईल्सवर. सुपरवायझरला हे पटायला वेळ लागतो, कारण बसलेली टोळी डोळ्यांत खुपते.

[दृश्य: बाथरूमची भिंत, झिरीत (भिंतीत खोदलेल्या खाचेत) बसवलेले पाईप]

क्रम शेवटाकडून लावायचा. टाईल्स लावायला काय हवं? पाणी भरून तपासलेलं वॉटरप्रूफिंग. त्याआधी गिलावा. गिलाव्याआधी या पाईपांची प्रेशर टेस्ट, म्हणजे दाबाखाली गळती तपासणं. ती राहून गेली आणि गळती टाईल्सनंतर कळली, तर तिन्ही कामं फोडावी लागतात.

ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेग हॉवेल या लीन बांधकामाच्या अभ्यासकांनी १९९०च्या दशकात पुढे आणलेल्या ‘लास्ट प्लॅनर’ पद्धतीत ही विचारपूस साधारण सहा आठवडे आधी सुरू होते. ड्रॉइंग पक्कं झालं? माल आला? आधीचं काम पुरं झालं? परांची मोकळी आहे? एकाचंही उत्तर ‘नाही’ असेल, तर काम आठवड्याच्या यादीत घ्यायचं नाही. आणि शब्द द्यायचा तो प्रत्यक्ष काम करून घेणाऱ्या मुकादमानं. ऑफिसनं त्याच्या वतीनं नव्हे.

आठवड्याच्या शेवटी मोजणी. कबूल केलेली कामं २०, पुरी झालेली १३, म्हणजे ६५ टक्के. ‘जवळजवळ झालंय’ याला शून्य, कारण तशा खोलीत पुढची टोळी शिरू शकत नाही. टक्के पाहून दंड मात्र लावू नये. मग मुकादम सोपी कामंच कबूल करतात. राहिलेल्या सात कामांपुढे कारण लिहा. ‘माल आला नाही’ हे सलग तीन आठवडे दिसलं, तर टोळी बदलून उपयोग नाही, खरेदीची ऑर्डर आधी निघायला हवी.