नाकात पाणी, तोंडाने श्वास

(पडद्यावर: गॅसवर पातेलं, पाण्याला उकळी फुटलेली.)

जलनेती म्हणजे तोटीच्या लोटीने एका नाकपुडीत पाणी सोडून ते दुसरीतून बाहेर काढणं. तिची निम्मी क्रिया इथेच होते. लोटी कुठली घ्यायची, तांब्याची की प्लास्टिकची, यावर लोक तासभर बोलतात. पाणी मात्र सरळ नळाखाली भरतात. २०११ मध्ये अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात नळाच्या पाण्याने नाक धुणाऱ्या दोघांचा मृत्यू झाला. नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमिबा पाण्यातून मेंदूपर्यंत पोहोचला होता. तेच पाणी ते प्यायले असते, तर या अमिबाने काही केलं नसतं. पण नाकाच्या छतापाशी गंधाचे मज्जातंतू असतात आणि तिथून मेंदू हाकेच्या अंतरावर. म्हणून पाणी खळखळून उकळायचं आणि कोमट होईपर्यंत झाकून ठेवायचं. नुसतं गाळून भागत नाही.

आता मीठ. पोहताना नाकात गेलेलं पाणी झोंबतं, कारण ते शरीरातल्या द्रवांपेक्षा अळणी असतं. लिटरला ९ ग्रॅम मीठ घातलं की तो फरक मिटतो. अर्ध्या लिटरला चहाचा सपाट पाऊण चमचा पुरतो.

(पडद्यावर: बेसिनवर वाकलेला चेहरा, वरच्या नाकपुडीला टेकलेली तोटी.)

मान पुढे, मग बाजूला. तोंड उघडं, श्वास तोंडानेच. पहिले काही क्षण काहीच घडत नाही. कपाळामागे नुसतं गरम वाटतं. मग खालच्या नाकपुडीतून थेंब आणि पाठोपाठ अखंड धार! दोन्ही नाकपुड्या मागच्या बाजूला, पडजिभेच्या वर, एकमेकींना मिळतात. पाणी तिथून वळून येतं. या वेळी बोलायचं नाही, हसायचं तर मुळीच नाही. ठसका हमखास.

धारेबरोबर धूळ, परागकण आणि घट्ट झालेला शेंबूड वाहून जातो. नाकातले सूक्ष्म रोम हेच काम रात्रंदिवस करत असतात. चिकट थर पातळ झाला की त्यांनाही ते सोपं जातं. सर्दी यामुळे पळून जाते असं मात्र समजू नये. आणि नाक पूर्ण चोंदलेलं असेल, कान दुखत असेल किंवा नाकाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, तर लोटी बाजूला ठेवायची.

नंतरचा भाग बहुतेक जण उरकतात. कमरेत वाकून, डोकं दोन्ही बाजूंना वळवत, दोन्ही नाकपुड्या उघड्या ठेवून हलकेच श्वास सोडायचा. एक नाकपुडी दाबून जोरात शिंकरलं, तर पाणी कानाकडे जाऊ शकतं.

(पडद्यावर: मेण लावलेला सुती दोरा.)

हठयोगप्रदीपिका या जुन्या योगग्रंथात नेती म्हणून सांगितली आहे ती ही, सूत्रनेती: वीतभर गुळगुळीत दोरा नाकातून घालून तोंडातून काढायचा. हल्ली दोऱ्याऐवजी रबरी नळीही वापरतात. घेरंडसंहिता या दुसऱ्या योगग्रंथात नाकाने पाणी ओढून तोंडाने सोडण्याची क्रिया आहे, पण ती कपालभातीच्या प्रकारांत येते.

दोऱ्याची क्रिया या व्हिडिओत करून दाखवलेली नाही. ती पडद्यावर बघून करू नये; शिकवणारा समोर हवा.