कुसुंब्याची धावपट्टी, मुंबईचा स्लॉट

(जळगाव विमानतळ, कुसुंबा. हिवाळ्यातली सकाळ.)

पंख्यांचा आवाज आधी येतो, विमान नंतर दिसतं. एटीआर ७२. सत्तरेक माणसं बसतील एवढं. चाकं टेकतात, जरासा धूर उठतो आणि १,७०० मीटरच्या धावपट्टीवर ते सहज थांबतं. कुंपणाबाहेर दोन-चार मोटारसायकली उभ्या आहेत. ‘इमान उनं का?’ (विमान आलं का?) विचारत आणखी एक येऊन थांबते.

(टर्मिनलच्या आत. सामानाचा काटा.)

काट्यावर एक खोकं चढलंय. चारही बाजूंनी सुतळीनं आवळलेलं, वर मार्करनं लेकीचं नाव. आत भरीताची वांगी. आकडा मर्यादेच्या वर जातो, तशी सुतळी सुटते. चार वांगी बाहेर निघतात, हातातल्या पिशवीत जातात. पुन्हा गाठ, पुन्हा काटा. आता बरोबर.

(मुंबई. सहारचं टर्मिनल २, बाहेरचा उड्डाणपूल, गाड्यांची रांग.)

ज्या शहरात लेक राहते, तिथलं हे विमानतळ. २०२४-२५ या एका आर्थिक वर्षात इथून सुमारे साडेपाच कोटी प्रवाशांची ये-जा झाली. दिवसाला दीड लाख. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ७९ लाखांच्या आसपास होती. एवढी माणसं मुंबई विमानतळ दोन महिन्यांच्या आत हाताळतं.

१५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून निघून जुहूला उतरले, तेव्हा विमानात टपालाच्या पिशव्या होत्या, प्रवासी एकही नव्हता. १९५३ मध्ये कायदा करून विमान कंपन्या सरकारच्या झाल्या. पुढची चाळीस वर्षं विमान म्हणजे साहेबांचं, मंत्र्यांचं, परदेशी जाणाऱ्यांचं. १९९४ मध्ये तो कायदा रद्द झाला, खासगी कंपन्यांना वाट मिळाली. २००३ मध्ये एअर डेक्कननं स्वस्त तिकिटं आणली, २००६ मध्ये इंडिगो उडायला लागली. त्याच वर्षी दिल्ली आणि मुंबईची विमानतळं खासगी भागीदारांकडे गेली. २००६-०७ मध्ये मुंबई देशात पहिली होती, वर्षाला सव्वादोन कोटींच्या घरात. दिल्ली दोन कोटींच्या थोडी वर. २००९-१० मध्ये दिल्लीनं मुंबईला मागं टाकलं आणि ती आजपर्यंत पुढेच आहे. मध्ये कोविड आला. २५ मार्च २०२० पासून दोन महिने देशांतर्गत प्रवासी उड्डाणं पूर्ण बंद होती. पण २०२४-२५ मध्ये दिल्ली ७ कोटी ९० लाखांच्या पुढं गेली आणि बेंगळुरूनं ४ कोटींचा टप्पा ओलांडला.

(वरून टिपलेलं दृश्य: मुंबईच्या एकमेकींना छेदणाऱ्या धावपट्ट्या.)

मुंबई मागं का पडली, ते इथं दिसतं. दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना कापतात. एकीवर विमान धावत असताना दुसरीवर सोडता येत नाही. त्यामुळे व्यवहारात धावपट्टी एकच. दिल्लीत २०२३ पासून चार आहेत. मुंबईत चहूबाजूंनी वस्ती, वाढायला जागा नाही. तरीही २०१८ मध्ये या विमानतळानं एका दिवसात हजारावर उड्डाणं-उतरणं करून दाखवली. हे काम करणाऱ्या नियंत्रकांबद्दल आदर वाटलाच पाहिजे.

आता विमानांची ही रांग नीट पाहा. पुढं मोठं एअरबस, मागं आणखी एक, त्यामागं आपलं एटीआर. प्रत्येकाला धावपट्टीवर ठरलेली वेळ मिळते, तिला स्लॉट म्हणतात. एअरबसमध्ये दोनशेच्या आसपास माणसं, एटीआरमध्ये सत्तर. स्लॉट मात्र दोघांनाही एकेकच लागतो.  त्यातही एटीआर उतरताना हळू. म्हणजे सत्तर माणसांसाठी धावपट्टी जास्त वेळ अडते.

वर्षात दोन वेळापत्रकं असतात, उन्हाळी आणि हिवाळी. एखाद्या कंपनीनं आपला स्लॉट हंगामात किमान ८० टक्के वापरला, तर पुढच्या वर्षी त्याच हंगामात तो तिच्याकडेच राहतो. सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळचे स्लॉट वर्षानुवर्षं धरलेले आहेत. नव्यानं येणाऱ्याला उरतं ते दुपारचं किंवा आडवेळेचं. आणि दुपारी मुंबईत उतरणाऱ्या जळगावच्या व्यापाऱ्याचं काम त्या दिवशी होत नाही. मग तो रात्रीची रेल्वे धरतो. ४२० किलोमीटर, झोपेत जातात.

(जळगाव विमानतळाची कोनशिला. जुनी छायाचित्रं.)

जळगावची धावपट्टी नवी नाही. १९७० च्या दशकातली ती साधी पट्टी २००७ मध्ये महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीकडे आली. जळगावच्याच प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती असताना, २०१२ मध्ये नव्या विमानतळाचं उद्घाटन झालं. टर्मिनल उभं राहिलं, धावपट्टी झाली, दिवे लागले. नियमित विमान मात्र पाच वर्षं आलं नाही.

ते आलं केंद्र सरकारच्या ‘उडान’ योजनेमुळं. या योजनेचा पैसा येतो कुठून, हे फार कमी लोकांना माहीत आहे. मोठ्या मार्गांवर उडणाऱ्या प्रत्येक विमानामागं कंपनीकडून एक शुल्क घेतलं जातं. तो निधी लहान गावांच्या मार्गांवरची तूट भरायला जातो, तीन वर्षांपुरता. दिल्ली-मुंबईच्या गर्दीतला हा वाटा आपल्याकडं येतो आणि तो आपला हक्क आहे.

२३ डिसेंबर २०१७ ला एअर डेक्कनचं एकोणीस आसनी विमान मुंबईहून जळगावला उतरलं. ती सेवा सुरळीत झालीच नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये ट्रूजेट आली, अहमदाबाद आणि मुंबईसाठी. २०२२ च्या सुरुवातीला तिची सगळीच उड्डाणं थांबली. २०२४ मध्ये फ्लाय ९१ नं गोवा, हैदराबाद आणि पुणे जोडलं, अलायन्स एअरनं मुंबई. दर वेळी विमान येतं, माणसांना सवय लागते आणि ते जातं. सवय मोडलेला प्रवासी परत मिळवायला पुढच्या कंपनीला पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागते.

(शिरपूर. लहान प्रशिक्षण विमानांची रांग, शेतांवरून वळणारं सेसना.)

हे शिरपूर. इथं वैमानिक घडतात. धुळ्याजवळ गोंदूरच्या धावपट्टीवरही प्रशिक्षणाची विमानं उडतात. अंगावर पांढरा शर्ट, खांद्यावर पट्ट्या अशी स्वप्नं घेऊन देशभरातली पोरं तापीकाठी येतात. कापसाच्या, केळीच्या शेतांवरून ती वळणं घेतात, उतरतात, लगेच पुन्हा उडतात. एका तासात किती वेळा उतरायचं, हेच त्यांचं शिक्षण. उद्या यातली काही दिल्ली-मुंबईच्या रांगेत उभी असतील.

(जळगाव धावपट्टीचं टोक, पलीकडे शेतं.)

१,७०० मीटरवर एटीआर चालतं, नियमित सेवेची मोठी जेट विमानं येत नाहीत. लांबी वाढवायची तर जमीन लागेल, आणि पलीकडे शेती आहे. मोबदल्याचा प्रश्न सोडवावा लागेल.

(नवी मुंबई विमानतळ, कमळाच्या आकाराचं छत.)

८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालेलं हे विमानतळ डिसेंबरमध्ये प्रवाशांसाठी सुरू झालं. आराखड्यात दोन समांतर धावपट्ट्या आहेत, सध्या एक चालू आहे. इथले सकाळचे स्लॉट अजून कोणाच्या वर्षानुवर्षांच्या ताब्यात गेलेले नाहीत. दोन-तीन हंगामांत जातील. वेळापत्रकाची मागणी हंगामाच्या काही महिने आधी नोंदवावी लागते. सकाळी जळगावहून निघून नऊच्या आत नवी मुंबईत आणि संध्याकाळी परत, या वेळेसाठी खासदारांनी, व्यापारी संघटनांनी आणि विमान कंपन्यांनी एकत्र अर्ज करायचा तो आताच.