लाइट गेल्यावर वेळ जातो कशात?

नमस्कार श्रोतेहो.

मृगाचा पहिला पाऊस झाला की वीज कार्यालयातले फोन थांबत नाहीत. सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, "लाइट कधी येणार?" आज मला त्याच्या अलीकडचा प्रश्न घ्यायचा आहे. लाइट गेल्यापासून ती परत येईपर्यंतचा वेळ नेमका जातो कशात? वीज वितरणाच्या स्वयंचलनाबद्दल जे जे बोललं जातं, त्याचं मूळ या प्रश्नात आहे.

पहिल्या पावसात काय होतं ते पाहू. अकरा केव्हीच्या, म्हणजे अकरा हजार व्होल्टच्या, लाइनच्या खांबावर तार ज्यावर बसते तो चिनीमातीचा पिन इन्सुलेटर चैत्र-वैशाख उन्हात तापलेला असतो. त्यावर गार थेंब पडतात आणि त्याला बारीक तडा जातो. तड्यात पाणी शिरलं की तारेतली वीज लोखंडी खांबावाटे जमिनीत उतरायला लागते. उपकेंद्रातला ब्रेकर, म्हणजे बिघाड होताच लाइन तोडणारा स्विच, हे ओळखून क्षणात उघडतो. फिडर, म्हणजे उपकेंद्रातून निघालेली ती लाइन, ट्रिप होतो, बंद पडतो. इथवर सगळं ठरल्याप्रमाणे झालेलं असतं.

अडचण पुढे सुरू होते. ग्रामीण भागातला फिडर दहा, पंधरा, कधी त्याहून जास्त किलोमीटर लांब असतो, त्याला ठिकठिकाणी फाटे फुटलेले असतात आणि वाटेत कितीतरी डीपी, म्हणजे वीज घरा-पंपाच्या दाबापर्यंत उतरवणारे ट्रान्सफॉर्मर, असतात. बिघाड याच लाइनवर आहे, एवढं ब्रेकरला कळलेलं असतं. कोणत्या खांबावर, ते कळत नाही. मग रात्री, पावसात, वायरमन टॉर्च घेऊन निघतो. शेताच्या बांधावरून, ओढ्याच्या कडेने लाइन बघत जातो. केसाएवढा तडा खालून दिसत नाही. म्हणून तो मधला एबी स्विच, म्हणजे लाइन हाताने तोडायचा-जोडायचा खांबावरचा स्विच, उघडतो आणि उपकेंद्रात फोन करतो, "घ्या चार्ज करून." ब्रेकर टिकला तर बिघाड स्विचच्या पलीकडे, पुन्हा उडाला तर अलीकडे. मग पुढचा स्विच. असं करत करत तो त्या खांबापाशी पोचतो. इन्सुलेटर बदलणं हे सराईत माणसाचं अर्ध्या-पाऊण तासाचं काम. शोधण्यात मात्र तीन-तीन तास जातात. आणि ब्रेकर पुन्हा उडतो त्या प्रत्येक चाचणीत बिघाडाचा प्रचंड प्रवाह ट्रान्सफॉर्मरमधून आणि लाइनच्या सांध्यांमधून पुन्हा एकदा जातो. त्यातून उद्याचा बिघाड तयार होतो.

स्वयंचलन कमी करतं ते हे शोधणं. पाना-पक्कड घेऊन खांबावर माणसालाच चढावं लागतं, आणि बराच काळ चढावं लागेल. पण कोणत्या खांबावर चढायचं ते त्याला आधी सांगता येतं.

यातलं सगळ्यात साधं उपकरण म्हणजे फॉल्ट पॅसेज इंडिकेटर. तारेला अडकवायचा मुठीएवढा डबा. त्याच्यातून बिघाडाचा प्रवाह गेला की तो लुकलुकायला लागतो. पहिला लुकलुकतोय, दुसरा लुकलुकतोय, तिसरा शांत आहे. म्हणजे बिघाड दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये. एवढ्यानेही वायरमनची निम्मी पायपीट वाचते. माझं स्पष्ट मत आहे की पैसा थोडा असेल तर तो आधी इथे घालावा. नियंत्रण कक्षातले मोठे पडदे नंतर आणता येतील.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे दुरून चालणारे स्विच. खांबावरच्या स्विचला मोटर बसवायची, शेजारी बॅटरी आणि संदेश पाठवणारी पेटी, आणि मोबाइलच्या जाळ्यावरून किंवा ऑप्टिकल फायबरवरून ती नियंत्रण कक्षातल्या स्काडाला, म्हणजे दुरून देखरेख आणि नियंत्रण करणाऱ्या संगणक यंत्रणेला, जोडायची. समजा, एका फिडरवर २००० ग्राहक आहेत आणि त्याचे चार तुकडे पाडलेत. तिसऱ्या तुकड्यात बिघाड झाला. यंत्रणा इंडिकेटरचे निरोप वाचते, तिसऱ्या तुकड्याच्या दोन्ही कडांचे स्विच उघडते, उपकेंद्राकडून पहिले दोन तुकडे चालू करते आणि चौथा तुकडा शेजारच्या फिडरवर टाकते. दीड हजार घरांत दोन-चार मिनिटांत उजेड. अंधारात राहतात ती पाचशे घरं, आणि वायरमन थेट तिकडे जातो.

उघड्या तारांच्या लाइनवर आणखी एक गोष्ट उपयोगी पडते. तिथले सुमारे ७० ते ८० टक्के बिघाड क्षणिक असतात. फांदी घासून गेली, वटवाघूळ दोन तारांना चिकटलं आणि खाली पडलं, झालं. यासाठी ऑटो रिक्लोजर असतो. तो उघडतो, थोडा थांबतो, पुन्हा जोडून बघतो. बिघाड गेला असेल तर पुरवठा सुरू. दोन-तीनदा जोडूनही बिघाड तसाच असेल तर मात्र तो बंद राहतो आणि माणसाची वाट बघतो. घरात दिवे एकदोनदा मिचकावून पुन्हा लागतात ना, ते बऱ्याचदा यामुळे.

पुण्या-ठाण्यासारख्या शहरांत जमिनीखालून केबल असते. तिथे हा उपाय चालत नाही. जेसीबीच्या दातात सापडलेली केबल आपोआप बरी होत नाही. पुन्हापुन्हा वीज सोडली तर ती आणखी जळते. तिथे फुटपाथवरच्या हिरवट-करड्या पेट्या, म्हणजे रिंग मेन युनिट, कामाला येतात. केबलला दोन बाजूंनी वीज मिळेल अशी रचना असते. दुखावलेला तुकडा दोन पेट्यांच्या मध्ये तोडला की बाकीची वस्ती दुसऱ्या बाजूने चालू होते. पेटीत मोटर नसेल तर हेच काम करायला गाडी काढून, गर्दीतून वाट काढत जावं लागतं.

आपल्याकडे हे कधी आलं? २००५ मध्ये वीज मंडळाचं विभाजन होऊन महावितरण झाली. २००८ मध्ये वीज वितरण सुधारण्यासाठी केंद्राची आर-एपीडीआरपी योजना आली. ४ लाखांहून जास्त लोकसंख्या आणि वर्षाला ३५ कोटी युनिट विजेचा वापर असलेल्या शहरांना तिच्यात स्काडा मिळणार होती. २०१४ मध्ये आयपीडीएस आली, २०२१ मध्ये आरडीएसएस, याही केंद्राच्या वितरण सुधारण्याच्याच योजना. आरडीएसएसचा आराखडा ३ लाख कोटी रुपयांहून मोठा आहे. म्हणजे सुरुवात मोठ्या शहरांपासून झाली. शोधण्यात जास्त वेळ जातो तो मात्र गावात, कारण लाइन लांब आणि माणसं थोडी. हे मला खटकतं. पण त्याला एक तांत्रिक कारणही आहे, तेही सांगायला हवं. गावातला फिडर बहुधा एकाच टोकाने जोडलेला असतो. शेजारच्या फिडरशी त्याची गाठच नसते. मग कितीही हुशार स्विच बसवा, चौथा तुकडा टाकणार कशावर? आणि गाठ असली तरी शेजाऱ्याकडे जागा हवी. मे महिन्यात दोन्ही फिडर भरून वाहत असतील तर एकाचं ओझं दुसऱ्याने घेताच तोही बसेल. म्हणून जोडवाहिन्या, जाड तारा आणि वेळेवर झाडछाटणी यांच्यावर खर्च न करता नुसते स्विच आणले तर पैसे वाया जातील.

शेतकरी मित्रांशी एका वेगळ्या स्वयंचलनाबद्दल बोलायचं आहे: पंपाचा ऑटो स्विच. रात्री-अपरात्री विहिरीवर जायचा त्रास वाचतो, साप-किरडाची भीती टळते, हे मला पूर्ण मान्य आहे. पण लाइट आली की एका डीपीवरचे सगळे पंप एकाच क्षणी उठतात. सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. डीपीचा फ्यूज उडतो, कधी डीपीच जळते. निदान स्टार्टरला वेळ लावणारा टायमर बसवा, प्रत्येकाने निराळा ठेवा, आणि कपॅसिटर लावा. एका डीपीवरच्या दहा जणांनी बसून हे ठरवलं, तर पंधरवडाभर नव्या डीपीची वाट बघायची वेळ टळू शकते.

आता सुरक्षिततेचं. दुरून चालणारा स्विच वायरमनसाठी जिवाचा प्रश्न आहे. तो खांबावर असताना कुणी तिकडून बटण दाबलं तर? म्हणून परमिट, म्हणजे लाइन बंद ठेवल्याची लेखी परवानगी, घेतल्याशिवाय हात लावायचा नाही, पेटीतली कळ 'रिमोट'वरून 'लोकल'वर करायची, रिक्लोजर बंद करायचा, डिस्चार्ज रॉड टाकून लाइन अर्थ करायची, म्हणजे जमिनीला जोडायची. यंत्रणा कितीही नवी असो, यातली एकही पायरी गाळता येत नाही.

आणि आपल्यासाठीही. तार तुटून कोरड्या मुरमावर किंवा डांबरी रस्त्यावर पडली तर कधी कधी इतका थोडा प्रवाह जातो की ब्रेकरला बिघाड जाणवतच नाही. तार जिवंतच राहते. शिवाय रिक्लोजर असेल तर मेलेली वाटणारी तार काही क्षणांत पुन्हा जिवंत होऊ शकते. त्यामुळे गावातली लाइट गेलेली दिसली तरी पडलेल्या तारेजवळ जाऊ नका, गुरं आणि मुलं लांब ठेवा, आणि १९१२ वर कळवा.

स्वयंचलनाच्या मर्यादाही आहेत. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई अंधारात गेली, लोकल थांबल्या, तो बिघाड पारेषणातला, म्हणजे उपकेंद्रांपर्यंत वीज आणणाऱ्या मोठ्या लाइनांच्या जाळ्यातला, होता. गल्लीतले स्विच तिथे काय करणार? त्याच वर्षी जूनमध्ये निसर्ग वादळाने रायगड किनाऱ्यावर खांबच आडवे केले. तिथे खांब उभे करणारे हात लागले, आणि राज्याच्या इतर भागांतून लाइनमन तिकडे गेले.

शेवटी एक छोटं काम तुमच्याकडे. कोणता ग्राहक कोणत्या डीपीवर आहे याची नोंद चुकली असेल, तर सगळी यंत्रणा चुकीच्या ठिकाणी माणूस पाठवते. म्हणून तक्रार करताना बिलावरचा ग्राहक क्रमांक सांगाच, आणि जवळच्या डीपीवर रंगवलेला क्रमांक उद्या उजेडी बघून बिलाच्या मागे लिहून ठेवा. ठिणगी कुठे दिसली, आवाज कुठून आला, कोणत्या खांबाजवळ फांदी टेकली आहे, हेही सांगा. वायरमनला नेमकी तीच माहिती हवी असते.

नमस्कार.