पहिला टाका घालण्याआधी

मी जनरल सर्जन आहे आणि हाताच्याही शस्त्रक्रिया करतो असे सांगितले की ऐकणारा बहुधा गोंधळतो. अपेंडिक्स काढणारा माणूस बोटांच्या वाटेला कशाला गेला, असे त्याला वाटते. वास्तविक ही विद्या बऱ्याच अंशी जनरल सर्जनांनीच वाढवली. बोटातला पू कोणत्या वाटेने तळहातात उतरतो हे १९१२ साली ग्रंथरूपाने मांडणारे शिकागोचे ॲलन कानाव्हेल जनरल सर्जन होते आणि दुसऱ्या महायुद्धात ज्यांच्या देखरेखीखाली अमेरिकी लष्कराची हातांची खास केंद्रे चालली, ते स्टर्लिंग बनेलही मुळात जनरल सर्जनच.

आपल्याकडे साडेपाच वर्षांचे एमबीबीएस, त्यावर तीन वर्षांचे एमएस आणि मग कोणी प्लास्टिक सर्जरीचे एमसीएच करतो, तर कोणी हाताची फेलोशिप. हा हिशेब कोणत्याही माहितीपत्रकात मिळेल. मला बोलायचे आहे ते कॅज्युअल्टीतल्या पहिल्या दहा मिनिटांविषयी, कारण हाताचे पुढे काय होणार हे पुष्कळदा तिथेच ठरते.

मी पहिल्या वर्षाचा निवासी डॉक्टर असताना रात्री दोनच्या सुमारास पत्र्याचे काम करणारा एक तरुण आला. तर्जनीच्या मुळाशी जेमतेम अर्ध्या इंचाची जखम होती. मी तत्परतेने भुलीचे इंजेक्शन दिले, जखम धुतली आणि मग बोटाच्या टोकाला कापूस लावून ‘कळतंय का?’ असे विचारले. मागे उभे असलेले सिनियर शांतपणे म्हणाले, ‘‘बधिर करून झाल्यावर संवेदना कसली तपासतोस?’’ सकाळी भूल उतरल्यावर कळले की एका बाजूची, संवेदना वाहून नेणारी नस (नर्व्ह) तुटलेली होती. जोडलेल्या नसेचे तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतात, म्हणजे बोटाच्या मुळापासून टोकापर्यंत पोचायला दोन महिन्यांहून अधिक काळ.

कंडरेचे, म्हणजे स्नायूची ओढ हाडापर्यंत नेणाऱ्या दोरीचे, दुखणे याहून फसवे असते. मधला सांधा सरळ धरून फक्त टोक वाकवायला सांगितले नाही, तर खोलवरची कंडरा तुटल्याचे ध्यानातच येत नाही, कारण वरची कंडरा बोट वाकवीतच राहते. तळहाताच्या पुढच्या भागापासून बोटाच्या मधल्या पेरापर्यंत या दोन्ही कंडरा एकाच अरुंद नळीतून जातात. इथे जोडकाम केले की सगळे एकमेकांना चिकटते, म्हणून बनेल यांनी या पट्ट्याला ‘नो मॅन्स लँड’ म्हटले आणि त्यांच्या काळी तिथे नुसती कातडी शिवून नंतर दुसरीकडची कंडरा बसवीत. तिथेही ताबडतोब कंडराच जोडावी, हा आग्रह अमेरिकेतल्या लुइव्हिलचे सर्जन हॅरल्ड क्लाइनर्ट यांनी १९६०च्या दशकात धरला. मात्र कंडरा चिकटू नये म्हणून जोडलेले बोट स्प्लिंटमध्ये, म्हणजे आधाराच्या पट्टीत, बेताने हलवत ठेवावे लागते. रुग्ण घाबरून ते आवळून धरतो आणि आमच्या सुबक टाक्यांची किंमत शून्य होते.

लहान मुलांची तपासणी मला अजूनही सर्वांत अवघड वाटते. तीन वर्षांचे मूल ‘कळतंय का’ या प्रश्नाला फक्त रडून उत्तर देते. मग जखम कोरडी ठेवून, वडिलांच्या मांडीवरच त्याच्या बोटांची टोके अर्धा तास कोमट पाण्यात बुडवून ठेवायची. नस शाबूत असेल तर टोकाला सुरकुत्या पडतात. बाकीची बोटे सुरकुतली आणि एकच गुळगुळीत राहिले, तर थिएटर तयार ठेवायला सांगायचे.