कॅसेट चालते का, ते आधी बघू

श्रोतेहो, नमस्कार.

मी ठाण्यात चरईत राहते आणि जुने व्हिडिओ गेम विकते. दुकानाला शटर नाही, पाटी नाही. घराच्या मागच्या खोलीत एक लांब टेबल, त्यावर चौदा इंची पिक्चर ट्यूबचा टीव्ही, भिंतीला कपाटं आणि कपाटात गेमच्या कॅसेटी. गिऱ्हाईक येतं फोनच्या पडद्यावरून, माल जातो पार्सलने. सात वर्षं झाली. एवढ्या काळात लोकांनी नाना गोष्टी विचारल्या, पण फोनवरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ताई, नक्की चालतो ना?" आज या एका प्रश्नाबद्दल बोलणार आहे, कारण माझा सगळा धंदा त्याच्या उत्तरावर उभा आहे.

ज्यांचं लहानपण नव्वदच्या दशकात गेलं, त्यांना मे महिन्याची सुट्टी आठवत असेल. आमच्याकडे एक दुकानदार दिवसाच्या भाड्याने व्हिडिओ गेम द्यायचा. चार घरांतली मुलं पैसे गोळा करायची. गेम आला की टीव्हीच्या मागची अँटेनाची वायर काढायची, गेमची वायर लावायची आणि चॅनेल लावत बसायचं. पडद्यावर नुसत्या मुंग्या. मग त्या मुंग्यांमधून अचानक काळ्या पडद्यावर विटांच्या भिंती आणि एक पिवळा रणगाडा दिसायचा, आणि खोलीत एकच आरडाओरडा व्हायचा. रिमोट दोनच आणि मुलं आठ. एक लाइफ गेली की रिमोट पुढच्याला द्यायचा हा नियम होता, आणि तो सगळे पाळायचे.

ते मशिन आम्ही ज्या कंपनीचं समजत होतो त्या कंपनीचं ते बहुतेक वेळा नसायचं. जपानच्या निन्टेंडोने १५ जुलै १९८३ रोजी फॅमिकॉम नावाचं यंत्र बाजारात आणलं. मासायुकी उएमुरा या अभियंत्याच्या हाताखाली ते तयार झालं. आपल्याकडे घरोघर पोचल्या त्या मुख्यतः त्याच्या नकला, वेगवेगळ्या नावांच्या. कॅसेटवर '९९९९ इन १' असं छापलेलं असायचं. आम्ही यादी खाली खाली नेत मोजायला बसायचो, तर थोड्या वेळाने तेच गेम फिरून यायचे. कुठे मारिओ दुसऱ्या स्टेजपासून सुरू व्हायचा, कुठे तिसऱ्या. खरे वेगळे गेम मोजकेच.

तरीही त्या मोजक्या गेममध्ये काय ताकद होती बघा. 'सुपर मारिओ ब्रदर्स' १९८५ साली आला. तो अख्खा गेम ४० किलोबाइटमध्ये बसवलेला आहे. आज सकाळी तुम्हाला फोनवर फुलांचा जो 'सुप्रभात'चा फोटो आला असेल, तो बहुधा याहून मोठा असेल. जागा वाचवायला त्या लोकांनी काय काय केलं! मारिओच्या मागचा ढग आणि जमिनीवरचं झुडूप नीट पाहा. आकार एकच आहे, फक्त रंग बदललाय. ढग पांढरा, झुडूप हिरवं. लहानपणी शेकडो वेळा ते झुडूप ओलांडलं, पण हे कळलं मोठेपणी. तेव्हापासून या कॅसेटींबद्दल मला फार आदर वाटतो. हातात मावेल एवढी वस्तू, आणि आत कुणीतरी एकेका बाइटचा हिशोब केलेला आहे. ती वस्तू धूळ खात बंद पडावी हे मला सहन होत नाही.

तर आता, चालतो का?

कॅसेट न चालण्याचं सगळ्यात साधं कारण म्हणजे तिच्या खालच्या कडेला असलेल्या पितळी रंगाच्या पट्ट्या. त्या पट्ट्यांवर मळ बसतो. लहानपणी आपण सगळ्यांनी फुंकर मारली आहे. कॅसेट काढायची, जोरात फुंकायचं, परत घालायची, आणि गेम सुरू व्हायचा. खरं म्हणजे काम व्हायचं ते काढून परत घालण्याने. पट्टी जराशी घासली जायची, टेकायची. फुंकरीतून मात्र तोंडातला ओलावा आत जायचा, आणि त्या ओलाव्याने पट्ट्या वर्षानुवर्षं खराब होत गेल्या. माझ्याकडे आलेल्या बऱ्याच कॅसेटी उघडल्या की पट्ट्यांवर हिरवट डाग दिसतात.

मी काय करते सांगते. निन्टेंडोच्या कॅसेटीचा स्क्रू साध्या पेचकसाने निघत नाही, त्याला ३.८ मिलिमीटरची खास टोपी लागते. ती लावून कॅसेट उघडायची. कान साफ करायची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवायची आणि पट्ट्यांवरून एकाच दिशेने ओढायची. पहिली काडी काळीकुट्ट निघते. दुसरी करडी, तिसरी मळकट. काडी पांढरी निघेपर्यंत थांबायचं नाही. मग कोरड्या काडीने पुसायचं आणि वाळू द्यायचं. एका कॅसेटीला कधी दहा मिनिटं लागतात, कधी अर्धा तास. हे काम मी कुणाला सोपवत नाही.

दुसरं कारण पोटात असतं, आणि तिथे मी एकदा चुकले आहे. काही गेम इतके लांब असतात की एका बैठकीत संपत नाहीत. तुम्ही कुठवर आलात हे कॅसेटीला लक्षात ठेवावं लागतं, आणि जुन्या कॅसेटींमध्ये ती आठवण आतल्या बटणाएवढ्या सेलवर टिकून असते. पोकेमॉन गोल्ड आणि सिल्व्हर हे गेम जपानमध्ये १९९९ साली आले. त्यांच्या कॅसेटीत घड्याळही आहे, गेममध्ये खरा दिवस आणि खरी रात्र होते. त्यामुळे सेल जास्त राबतो आणि लवकर संपतो.

तीन वर्षांपूर्वी मी असा एक गोल्ड सांगलीला पाठवला. पट्ट्या बाहेरूनच साफ केल्या होत्या, गेम सुरू होत होता, पंधरा मिनिटं खेळून पाहिला होता. पण उघडून आतला सेल पाहिला नव्हता. आधीच्या मालकाने जुना सेल काढून नवा बसवला होता, आणि तो चिकटपट्टीने. दोन आठवड्यांनी त्या गृहस्थांचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता. म्हणाले, "ताई, पट्टी ढिली झाली असावी. मुलीचं सगळं गेलं. रडून झोपली आहे." मी त्याच दिवशी पैसे परत केले, कॅसेट मागवून घेतली, पत्र्याची पट्टी जोडलेला योग्य सेल डाख देऊन बसवला आणि त्यांना पुन्हा पाठवून दिली, पैसे न घेता. पण त्या मुलीचे दोन आठवडे मी कुठून परत देणार होते?

त्या दिवसापासून सेल असलेली प्रत्येक कॅसेट मी उघडते. आतल्या बोर्डाचा फोटो काढते आणि विक्रीच्या पानावर टाकते. गेम सेव्ह करते, मशिन बंद करते, रात्रभर ठेवते आणि सकाळी सुरू करून बघते. सकाळी सेव्ह जागेवर असेल तरच कॅसेट विकायला निघते. तुमच्याकडे अशी कॅसेट असेल आणि आत तुमच्या लहानपणाचा गेम अजून जपलेला असेल, तर एक गोष्ट लक्षात ठेवा. सेल काढला की ती आठवण पुसली जाते. आधी ती उतरवून घ्यायची साधनं मिळतात, ती वापरा, मगच सेलला हात लावा. आणि साध्या सेलवर थेट डाख देऊ नका, तापून फुटू शकतो.

तिसरा फोन नेहमीचा, टीव्हीवरची बदकं मारायच्या गेमसोबत येणाऱ्या बंदुकीचा. "ताई, बदकं मरत नाहीत." गेम उत्तम, बंदूक उत्तम, मग बिघडलं काय? बिघडला तो टीव्ही. ही बंदूक काही फेकत नाही, ती बघते. तिच्या नळीत प्रकाश ओळखणारा एक छोटा डोळा आहे. तुम्ही चाप ओढलात की क्षणभर सगळा पडदा काळा होतो आणि लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या डोळ्याला काळ्यानंतर पांढरं दिसलं की नेम लागला. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं. पिक्चर ट्यूबचा टीव्ही चित्र तिथल्या तिथे काढतो. आजचा सपाट टीव्ही आलेलं चित्र आधी स्वतःशी जुळवून घेतो, मग दाखवतो. तो उशीर आपल्याला जाणवत नाही, पण बंदुकीला जाणवतो. शिवाय जुन्या टीव्हीच्या प्रकाशाची जी लुकलुक असते तीच ओळखायला हा डोळा बनवलेला आहे. म्हणून बंदूक विकण्याआधी मी विचारते, घरात डब्याचा टीव्ही आहे का? नसेल तर विकत नाही. गिऱ्हाईक नाराज होतं, पण घरी नेऊन न चालणारी वस्तू देण्यापेक्षा ते बरं. आणि तुमच्या माळ्यावर असा चालू टीव्ही असेल तर कृपा करून भंगारात देऊ नका. आता ते कुणी बनवत नाही.

असेच आणखी प्रश्न मी पैसे घेण्याआधी विचारते. मशिन जपानी जातीचं की अमेरिकन? कारण जपानी कॅसेटीला ६० पिना असतात आणि अमेरिकन कॅसेटीला ७२, एकात दुसरी बसत नाही. आपल्याकडची जुनी मशिनं बहुतेक ६० पिनांची. मशिन कुणी अमेरिकेहून आणलं असेल तर त्याचा अडॅप्टर आपल्या २३० व्होल्टला थेट लावू नका, जळतो.

नकली मालाबद्दलही बोलायला हवं. गेमबॉय ॲडव्हान्स, म्हणजे निन्टेंडोचं हातात धरून खेळायचं यंत्र, त्याच्या नव्याकोऱ्या दिसणाऱ्या नकली कॅसेटी बाजारात भरपूर आहेत. ओळखायची खूण सोपी आहे. खऱ्या कॅसेटीच्या लेबलवर दोन आकडे दाबून उठवलेले असतात, छापलेले नसतात. उजेडात तिरकी धरली की दिसतात. आणि खालच्या फटीतून बोर्डावर पट्ट्यांच्या वर कंपनीचं नाव दिसतं. या दोन्ही गोष्टी नसतील तर घेऊ नका. नव्वदच्या दशकातली आपल्याकडची जुनी नक्कल मशिनं मी विकते, पण पानावर पहिल्याच ओळीत 'नक्कल' असं लिहून. ते लपवलं तर मग त्या 'नक्की चालतो ना'ला मी कुठल्या तोंडाने उत्तर देऊ?

गेल्या गणपतीच्या आधी कळव्याहून एक काका आले होते. मी घरी कुणाला बोलवत नाही, पण त्यांना फोटो पाठवता येत नव्हते. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. कापडी पिशवीतून त्यांनी लाल-पांढरं मशिन काढलं, दोन्ही रिमोटच्या वायरींना रबर लावलेलं, सोबत दोन कॅसेटी. दिवाळीच्या बोनसमधून मुलांना घेतलं होतं म्हणाले. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की जुन्या गेमना आता लाखांचा भाव आहे. मी खरं ते सांगितलं. "काका, ही नक्कल आहे. अशी नवी मशिनं आजही हजाराच्या आत मिळतात. मी फार तर तीनशे-चारशे देऊ शकेन." ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "विकायचं राहू दे. चालू होईल का ते बघ."

मी उघडलं. आत झुरळांची अंडी, पॉवरच्या जागी तुटलेला डाख, बाकी सगळं शाबूत. या मशिनांमध्ये सुटे भाग फार नसतात. मधोमध काळ्या लाखेचा एक थेंब असतो, त्याच्याखाली सगळा मेंदू. तो गेला तर उपाय नाही, तो शाबूत असला तर बाकीचं जमतं. डाख नवा दिला, नऊ व्होल्टचा अडॅप्टर लावला. टीव्हीवर आधी मुंग्या, मग विटांच्या भिंती. काका खुर्चीतून उठून टीव्हीजवळ गेले. रिमोट हातात घेतला, पण खेळले नाहीत. म्हणाले, "मी कधी खेळलोच नाही. माझी दुसरी पाळी असायची." मग मी दुसरा रिमोट घेतला आणि आम्ही दोघं अर्धा तास रणगाडे खेळलो. मजुरी घेतली, डाखाचे आणि अडॅप्टरचे पैसे. त्यांनीच तसं सांगितलं होतं, फुकट नको म्हणून.

ठाण्यात या धंद्याचा खरा शत्रू पावसाळा. खाडी जवळ, हवा सतत दमट. कपाटात बुरशी धरते, कागदी लेबलं सुटतात. जून ते सप्टेंबर प्रत्येक डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवते आणि दर पंधरवड्याला बदलते. पार्सल करताना मशिनला आधी बबल रॅप, मग एक खोका, त्याभोवती चुरगळलेला कागद आणि बाहेर दुसरा खोका. हलवून बघायचं, आत काही वाजता कामा नये. हिशोबाचं एवढंच सांगते, की जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला खरेदी आणि विक्रीतल्या फरकावरच जीएसटी भरायची सोय कायद्यात आहे. ज्यांना असं दुकान सुरू करायचंय त्यांनी आपल्या सीएला हे पहिल्या दिवशी विचारावं, मी दुसऱ्या वर्षी विचारलं.

आत्ता मी तुमच्याशी बोलतेय तेव्हा टेबलावर एक सिल्व्हर ठेवून आले आहे. सेल काल नवा बसवला. गेम सेव्ह करून मशिन बंद केलंय. नागपूरच्या एका ताईंना भावाच्या वाढदिवसाला द्यायचा आहे. उद्या सकाळी चहाच्या आधी तो सुरू करून बघेन. सेव्ह जागेवर असेल तर दुपारपर्यंत पार्सल निघेल. नसेल तर त्यांना फोन करून सांगेन, की आणखी दोन दिवस द्या.

नमस्कार.