नाल्यातला गाळ आणि भाताचा दाणा

श्रोतेहो, नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की बेळगावच्या शिवारातून एक मागणी हमखास ऐकू येते, ती म्हणजे बळ्ळारी नाल्यातला गाळ काढण्याची. मागणी रास्तच आहे, कारण पात्र उथळ झाले की पाणी शेतात शिरते आणि भातपीक डोळ्यांदेखत कुजते. मला बोलायचे आहे ते काढलेल्या गाळाबद्दल. तलावाचा गाळ शेतात पसरण्याची आपली रीत जुनी आणि चांगली आहे. पण शहराचे सांडपाणी वाहून आणणाऱ्या नाल्याच्या गाळाला ती डोळे झाकून लावता येणार नाही.

सांडपाण्यातला सेंद्रिय मळ जिवाणू खाऊन टाकतात आणि काही काळाने त्याचे खत होते. शिसे, कॅडमियम, क्रोमियम, निकेल हे धातू मात्र कुजत नाहीत. मुलामा देण्याच्या कामातून, जुन्या बॅटऱ्यांतून, रंगांतून किंवा रस्त्यावरच्या धुळीतून ते पाण्यात उतरले, की चिकणमातीच्या आणि लोहाच्या बारीक कणांना चिकटून तळाशी बसतात. म्हणूनच वरचे पाणी तपासून ‘सगळे ठीक आहे’ असे म्हणणे घाईचे ठरते. पाणी आज आले नि उद्या मार्कंडेय नदीला मिळाले. गाळात वर्षानुवर्षांचा हिशेब साठतो. देशात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री २००० साली थांबली, तरी तेव्हा रस्त्याकडेला बसलेले शिसे त्या मातीतून आपोआप नाहीसे होत नाही.

आता भाताकडे येऊ, कारण आपल्या भागात प्रश्न खरा तिथेच आहे. खाचरात पाणी उभे असते तेव्हा मुळांभोवती हवा नसते, आणि कॅडमियम गंधकाशी जोडले जाऊन न विरघळणाऱ्या रूपात पडून राहते. दाणा भरत आला की आपण बांध फोडून पाणी काढतो. मातीत हवा शिरते, ती जोडणी मोडते आणि मोकळे झालेले कॅडमियम नेमके त्याच दिवसांत मुळांवाटे दाण्यात चढू शकते. आर्सेनिकचे वागणे याच्या उलट, ते पाणी उभे असतानाच सुटते. एकावरचा उपाय दुसऱ्याला मोकळीक देतो, त्यामुळे कोणी एकच रामबाण इलाज सांगू लागला तर मी तरी सावध होतो. माती आम्लधर्मी असेल तर धातू अधिक सहज सुटतात. खानापूरकडच्या तांबड्या जमिनीत ही काळजी पूर्वेकडच्या काळ्या जमिनीपेक्षा जास्त घ्यावी लागते.

जपानमधल्या जिंझू नदीच्या काठी खाणीतले कॅडमियम पाण्याबरोबर भातखाचरांत उतरले आणि तो भात वर्षानुवर्षे खाणाऱ्यांची हाडे ठिसूळ झाली. त्या आजाराचे नावच ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’. खाणीच्या कॅडमियमशी असलेला त्याचा संबंध तिथल्या सरकारने १९६८ साली मान्य केला. आपल्या नाल्याची तुलना मी त्या खाणीशी करत नाही. मोजल्याशिवाय तशी तुलना कोणीच करू नये.

मोजायचे म्हटले, तर पुष्कळ शेतकरी मृदा आरोग्य पत्रिका पुढे करतात. त्या पत्रिकेत जस्त, लोह, तांबे आणि मँगनीज दिसतात खरे, पण ते पिकाला कमी पडतात का हे पाहण्यासाठी. शिसे आणि कॅडमियम तिच्या बारा नोंदींत नाहीत. त्यांची तपासणी प्रयोगशाळेत वेगळी मागावी लागते. विहिरीच्या पाण्याचे म्हणाल, तर पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा लिटरमागे शिशाला ०.०१ आणि कॅडमियमला ०.००३ मिलिग्रॅम आहे. इतके सूक्ष्म प्रमाण चवीला, वासाला किंवा रंगाला कळत नाही.

नमुना घेताना घाई नको. एकाच जागची मूठभर माती पुरत नाही. शेतात आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल खणून ती माती एकत्र कालवावी, सावलीत वाळवावी आणि पिशवीवर सर्व्हे नंबर लिहावा. नाल्याचा गाळ आत येणाऱ्या जागेचा नमुना निराळा ठेवावा. लोखंडी खुरप्याऐवजी लाकडाची किंवा प्लॅस्टिकची पट्टी वापरावी. मी रसायनशास्त्र शिकवत असताना एका विद्यार्थ्याने ओला गाळ पत्र्याच्या बादलीतून आणला होता. तपासणीत जस्त इतके निघाले की आम्ही सगळेच हादरलो. दोन दिवसांनी ध्यानात आले, की ते नाल्याचे नव्हतेच, बादलीच्या मुलाम्याचे होते.