करवंटी, सोडणं आणि तिसऱ्यांचे शिंपले

नमस्कार श्रोतेहो. पाऊस सरला आहे, परसातली जमीन अजून ओलसर आहे. तांबडी भाजी, मुळा, मिरची लावायचे हेच दिवस. कुंड्या आणि खतं आणायला बाजारात जाण्याआधी एकदा घरातच नजर फिरवा, कारण गोव्याच्या परसाला जे हवं असतं त्यातलं बरंच काही आपण रोज केरात टाकतो.

नारळ तर आपल्याकडे रोजच फुटतो. करवंटीची दोन शकलं होतात, त्यातलं डोळ्यांचं शकल रोपासाठी ठेवा. तीन डोळ्यांपैकी एक मऊ असतो. खिळा दाबला की तिथं लगेच भोक पडतं आणि पाणी निचरायची सोय होते. त्यात माती आणि कुजलेलं शेणखत घालून मिरचीचं किंवा वांग्याचं बी पेरा. चार-पाच पानं फुटली की मातीच्या गोळ्यासकट रोप काढून वाफ्यात लावा. बिनडोळ्याचं शकल मात्र अंगणात उताणं पडू देऊ नका. त्यात साचलेल्या चमचाभर पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवे डास उडू लागतात. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण बागेच्या हौसेत नेमकं हेच नजरेआड होतं.

सोडणं, म्हणजे नारळाची वरची तंतुमय सालं, त्याहून मोलाची. माडाच्या आळ्यात सोडणं पुरायची रीत जुनी आहे आणि ती अगदी शास्त्रशुद्ध आहे. खालच्या थरांतल्या सोडणांची खोलगट बाजू वर ठेवायची, म्हणजे ती पाणी धरून ठेवतात. सगळ्यात वरचा थर पालथा घालायचा, म्हणजे उन्हानं माती सुकत नाही. एकदा पुरली की पाच ते सात वर्षं त्यांचा उपयोग होतो, शिवाय माडाला पालाश, म्हणजे पोटॅश मिळतं. कुंडीच्या तळाशी घालायची असतील तर तुकडे करून दोन-तीन दिवस भिजवा, आणि ते तपकिरी पाणी ओतून टाका.

आता तिसऱ्यांचे शिंपले. आपली जांभ्याची माती आम्लधर्मी. दरवर्षीच्या मुसळधार पावसात तिच्यातला चुना वाहून जातो. आणि शिंपला म्हणजे चुनाच की! पूर्वी आपली घरं याच शिंपल्यांच्या चुन्यानं बांधत. शिंपले धुवा, उन्हात कडकडीत वाळवा, गोणपाटात गुंडाळून दगडानं ठेचा आणि वाफ्यात मिसळा. भुकटी जितकी बारीक तितकी ती लवकर लागू पडते. मोठे तुकडे वर्षानुवर्षं तसेच राहतात. चुलीची राखही तेच काम करते, पण वाफ्याला मूठ-दोन मुठी पुरे. एक्झोराच्या फुलझाडाला यातलं काहीच घालू नका. त्याला आम्लधर्मी मातीच मानवते, चुन्यानं पानं पिवळी पडतात.

मासे धुतलेलं पाणी माडाच्या, केळीच्या किंवा कढीपत्त्याच्या मुळाशी ओता आणि वर माती ओढा, नाहीतर मांजरं उकरतात. खाऱ्या सुक्या माशांचं पाणी मात्र नको, मिठानं मुळं करपतात. तांदूळ धुतलेलं पाणी कुठल्याही झाडाला चालतं. दुधाच्या पिशव्यांना तळाशी भोकं पाडली की रोपांसाठी त्या उत्तम.

वेलींसाठी जुनी साडी फाडून पट्ट्या करा. कापड मऊ असल्यानं दोडक्याच्या, काकडीच्या कोवळ्या देठांना काच बसत नाही. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांना मासेमारीचं फाटकं जाळं सहज मिळतं. दोन माडांमध्ये ते ताणून बांधलं की वेल भराभर चढतो. पण जाळ्याची खालची कड जमिनीपासून हातभर वर ठेवा. जमिनीवर लोळणाऱ्या जाळ्यात धामण अडकून मरते, आणि परसातले उंदीर खाणारी धामण आपल्याला हवीच आहे. वेल वर चढेपर्यंत मधल्या हातभर अंतरात साडीची एकेक पट्टी सोडा, म्हणजे वेलाला जाळ्यापर्यंत वाट मिळेल. नमस्कार.